८५ हजार ज्वालामुखी मोजायला लॅब लागली नाही!

फायनल इयरचं प्रोजेक्ट जवळ आलं की सायन्सच्या वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आपल्या कॉलेजात कुठे तेवढ्या फॅसिलिटीज?’ मग सिनियरची जुनी फाइल निघते, कव्हर बदलतं, व्हायव्हा उरकतो. तक्रार खोटी नाही. पण तिच्या आड लपण्याआधी जरा शुक्राकडे बघा.

शुक्रावर कायम ढगांचा गच्च थर. साध्या कॅमेऱ्याला वरून खालची जमीन दिसत नाही. नासाच्या ‘मॅगेलन’ यानाने १९९० ते १९९४ दरम्यान रडारने या ढगांच्या आरपार बघत जवळपास ९८ टक्के पृष्ठभाग टिपला. त्या प्रतिमा आज कुणालाही फुकट मिळतात. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातली संशोधक विद्यार्थिनी रेबेका हान आणि प्राध्यापक पॉल बर्न यांनी त्याच चाळून ज्वालामुखींची यादी केली. २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा आकडा होता सुमारे ८५ हजार! त्यातले ९९ टक्के ५ किलोमीटरपेक्षाही कमी रुंदीचे.

एवढे छोटे आणि इतके सारे कसे? खोलवर वितळलेला शिलारस भेगांमधून वर चढतो. एकाच वाटेने तो भरपूर आणि दीर्घकाळ येत राहिला, तर थरावर थर चढून अवाढव्य डोंगर होतो. पण पुरवठा थोडा असेल आणि भेगा अनेक, तर प्रत्येक तोंडातून जरासा लाव्हा येतो, पसरतो, थिजतो. उपड्या परातीसारखा बुटका उंचवटा तयार होतो. शेजारच्या भेगेवर दुसरा, पलीकडे तिसरा. शुक्रावर हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट, त्यामुळे शिलारसातला वायू सहजी उसळत नाही आणि लाव्हा बहुधा स्फोटाविना वाहतो.

असे घोळके पृथ्वीवरही आहेत. मेक्सिकोत १९४३ साली मक्याच्या शेतात उगवलेला पारिकुतिन हा अशाच हजारभर छोट्या ज्वालामुखींच्या वस्तीतला एक. ९ वर्षं धगधगला आणि थंडावला.

म्हणजे घोळका कुठे आहे यावरून जमिनीखाली शिलारस कुठे आणि किती होता याचा अंदाज बांधता येतो. हान आणि बर्न यांच्या यादीत २० ते १०० किलोमीटर रुंदीचे ज्वालामुखी त्या मानाने फारच कमी निघाले. मधलेच गायब का? शिलारसाच्या पुरवठ्याशी याचा संबंध असावा, असं त्यांना वाटतं. हा प्रश्न पडला, कारण कुणीतरी बसून छोटेसुद्धा मोजले. त्याच वर्षी रॉबर्ट हेरिक यांनी मॅगेलनच्याच १९९१ च्या, ८ महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या प्रतिमा शेजारी ठेवून दाखवून दिलं, की माट मॉन्स ज्वालामुखीवरचं एक तोंड तेवढ्यात रुंदावलं होतं. शुक्र अजून जिवंत असल्याचा हा मोठा पुरावा ३० वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होता!

‘मोजणी म्हणजे कारकुनी काम, ते एआय करेल,’ असं तुम्ही म्हणाल. करेलही. पण हा उंचवटा ज्वालामुखी आहे, की उल्कापाताने पडलेल्या विवराची कड, की नुसती रडारची फसगत, हे आधी कुणीतरी डोळस माणसाने ठरवावं लागतं. मशीनला शिकवायलाही अशीच तपासलेली यादी लागते. आणि हे ठरवता येणं यालाच तर विज्ञान शिकणं म्हणतात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. यंदा गाइडकडे जाल तेव्हा रेडीमेड विषय मागू नका. खुल्या डेटातला शुक्राचा एक छोटा चौकोन मागा. तेवढ्यातले उंचवटे मोजा, नकाशावर मांडा, गर्दी कुठे आहे ते बघा आणि का असेल यावर दोन पानं स्वतःच्या भाषेत लिहा. लॅपटॉप, इंटरनेट आणि चिकाटी पुरते. कॉलेजांनीही अशा कामाला पूर्ण मार्क द्यायला हवेत, चकाचक मॉडेलइतकेच.

भारताच्या शुक्र मोहिमेला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे, उड्डाण २०२८ मध्ये अपेक्षित आहे. तिथून नव्या प्रतिमा येतील तेव्हा त्या वाचू शकणारी माणसं लागतील. त्यांचा सराव आजच्या जुन्या प्रतिमांवर सुरू होऊ शकतो. फाइलचं कव्हर बदलण्यापेक्षा हे नक्कीच भारी आहे, नाही का?