जाहीर इशारा : दबाव टाकायचा तर चौकात या

कोल्हापूर महापालिकेचे पदाधिकारी, आयुक्त, जिल्ह्याचे आमदार-खासदार, पालकमंत्री आणि यांच्या दालनांत मागच्या दारानं ये-जा करणारे सगळे, यांना शिवाजी पेठेतल्या नागरिकांचा हा जाहीर इशारा आहे.

सरकारवर दबाव टाकणं हा गुन्हा नाही, लोकशाहीत तो हक्क आहे. वकिलांनी खंडपीठासाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं. हद्दवाढीसाठी शहर भांडतं, तिच्याविरुद्ध गावं भांडतात. हे सगळं उघड, नावानिशी चालतं. आम्हाला साधा मोर्चा काढायचा तरी जुना राजवाडा पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा लागतो : आयोजकांची नावं, मोबाइल नंबर, मार्ग, वेळ, अंदाजे माणसं किती. वर नोटीस हातात पडते ती वेगळीच. मग ज्याला रस्त्याचा ठेका हवा, आरक्षण उठवून हवं, जादा एफएसआय हवा, त्याचं नाव कुठल्या वहीत असतं? अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानं लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. आपल्याकडे तसा कायदाच नाही. पक्षांना पैसा कोण पुरवतो, हे कळायलासुद्धा फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणूक रोखे रद्द करावे लागले.

बंद दालनातली सही काय करते, हे या शहरानं भोगलं आहे. सुमारे ५० किलोमीटर रस्ते आणि त्या बदल्यात ३० वर्षं टोल, असा करार झाला. अटी लोकांना कळल्या त्या नाके उभे राहिल्यावर. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध माणसं उन्हातान्हात रस्त्यावर उतरली. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारला टोल रद्द केल्याची घोषणा करावी लागली. ती ऐकायला पानसरे अण्णा नव्हते. रस्ते करणाऱ्या कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे पुन्हा आमच्याच खिशातून गेली. सही करणाऱ्यांपैकी कुणाच्या खिशाला चाट बसली?

शक्तिपीठ महामार्गाचंही तेच. विधानसभा निवडणूक तोंडावर आली तेव्हा कोल्हापूर वगळल्याचं सांगितलं आणि मतं पडल्यावर जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं भूसंपादनासाठी २० हजार कोटींवर रक्कम मंजूर केली. हा रस्ता नेमका कुणाला हवा आहे, त्याचं नाव सांगा.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत.

एक : ठेकेदार, बिल्डर, सल्लागार आणि मध्यस्थ यांच्या प्रत्येक भेटीची नोंद ठेवा आणि दर आठवड्याला ती महापालिकेच्या फलकावर लावा.

दोन : टोल, भूखंड, भाडेपट्टा किंवा भरपाईचं कलम असलेला कुठलाही करार सहीच्या ३० दिवस आधी संपूर्ण, मराठीत प्रसिद्ध करा. महत्त्वाचा निर्णय घेतानाच त्याची माहिती लोकांपुढे ठेवा, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ २००५ पासून सांगतं आहे. आम्ही मेहेरबानी मागत नाही.

तीन : क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे. त्या सभा घ्या आणि तिथं उत्तरं द्या.

मुदत १ मे, महाराष्ट्र दिनापर्यंत. त्यानंतर पेठेतल्या गल्लीगल्लीतून माहिती अधिकाराचे अर्ज पडतील. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर अपील आणि महापालिकेच्या दारात बेमुदत ठिय्या. कुठल्या प्रस्तावाला कुणी हात वर केला, त्याचा फलक उभा मारुती चौकात लागेल आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत उतरणार नाही. आम्ही दगड उचलणार नाही, पण रस्ताही सोडणार नाही.

हा इशारा आमच्या माणसांनाही आहे. तालमीला देणगी, मंडळाला साउंड आणि फुटबॉल संघाला जर्सी घेऊन गप्प बसणारा कार्यकर्ता हाही त्याच दलालीचा भागीदार. देणगी घेतली असेल तर तीही फलकावर लिहा.

साहेब, कोल्हापूरचा नाद करू नका. मुदत वाढवून मिळणार नाही.

— शिवाजी पेठेतील नागरिक