दहा वर्षांची दंतकथा

"आरक्षण दहा वर्षांपुरतेच होते," हे वाक्य हल्ली चहाच्या टपरीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत सर्वत्र आढळते. ते उच्चारणाऱ्या किती महाभागांनी संविधान उघडून पाहिले आहे? दहा वर्षांची मुदत कलम ३३४ मध्ये घातली होती, ती लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांची. नोकरीची वा शिक्षणाची नव्हे. संसदेने ती वेळोवेळी वाढविली आणि १०४ व्या घटनादुरुस्तीने २०३० पर्यंत नेली. नोकऱ्यांविषयीचे कलम १६(४) आणि १९५१ साली समाविष्ट झालेले शिक्षणाविषयीचे कलम १५(४) यांत कालमर्यादेचा एक शब्दही नाही. मग कायद्यात नसलेली मुदत लोकांच्या जिभेवर आली कोठून? अज्ञानातून, आणि ते अज्ञान ज्यांच्या सोयीचे आहे त्यांच्या मौनातून.

बंधुभगिनींनो, १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेल्यांना केंद्राने अनुसूचित जातींत मान्यता देण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षांनी पदरी पडलेला हक्क आपण एका अफवेपायी गमावणार काय? घराघरांत संविधानाची प्रत ठेवा. मुदत संपल्याचे कोणी सांगू लागल्यास त्यास ही कलमे मोठ्याने वाचून दाखवा.