एक जूनची माणसं



बेडसे लेण्याच्या पायथ्याकडे आमचे नेहमी जाणे-येणे असते. त्या बाजूच्या एका वस्तीत आमचे एक नाना राहतात. रेल्वेत गँगमन होते. उन्हापावसात रूळ सांभाळण्यात उभा जन्म गेला. ३१ मे २०२४ रोजी सेवानिवृत्त झाले. निवृत्त माणूस एक तर पारावर पत्ते कुटतो, नाहीतर घरात सुनेच्या कामात चुका काढतो. नानांनी दोन्ही केले नाही. विहाराच्या भिंतीवर एक जुना फळा धूळ खात पडला होता. नानांनी तो पुसला, काळा रंग दिला आणि स्वतःच्या पैशाने खडूची पेटी आणली. तेव्हापासून रोज सकाळी सहा वाजता नाना फळ्यावर दिनविशेष लिहितात.

लिहिण्याची पद्धत ठरलेली. वर तारीख आणि वार. खाली जगातली किंवा देशातली एक गोष्ट. त्याखाली चळवळीतली एक गोष्ट. आणि सर्वात शेवटी 'आपल्या वस्तीत' या मथळ्याखाली एक ओळ. वस्तीत पहिला नळ कधी आला, पहिली मुलगी दहावी कधी पास झाली, विहाराची पायाभरणी कधी झाली, हे सारे त्यात येते. शाळेत जाणारी पोरे परिपाठासाठी तिथूनच उतरवून घेतात.

२५ डिसेंबरला नानांनी लिहिले होते : '१९२७, महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन. १९५४, देहूरोड येथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना.' आम्ही दोन्ही घटना वाचलेल्या होत्या, पण तारीख एकच आहे हे कधी ध्यानात आले नव्हते. मधे सत्तावीस वर्षांचे अंतर. त्या दिवशी नाना पोरांना म्हणाले, "आधी काय टाकायचं ते सांगितलं, मग काय घ्यायचं ते दिलं." आम्ही इतकी भाषणे ठोकली, पण हे इतक्या थोडक्यात आम्हाला कधी सांगता आले नाही.

वस्तीतल्या काही तरुणांना मात्र हा उद्योग रिकामपणाचा वाटे. "नाना, मोबाईलवर सगळं येतंय. कशाला हात पांढरे करता?" असे ते म्हणत. एकदा मोबाईलवर संदेश फिरला की २६ जानेवारी १९४९ ला संविधान स्वीकारले. दहा जणांनी तो पुढे ढकलला. नानांनी फळ्यावर शांतपणे लिहिले : 'संविधान स्वीकारले २६ नोव्हेंबर १९४९ ला. अमलात आले २६ जानेवारी १९५० ला. ढकलण्याआधी वाचावे.' त्यानंतर पोरांची कुरकुर थोडी कमी झाली.

आता मुख्य गोष्ट सांगतो. एवढ्या तारखा पाठ असलेल्या नानांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नाही.

कागदावर ती १ जून १९६४ आहे. १९७० च्या जून महिन्यात नाना थोरल्या भावाचा हात धरून शाळेत गेले. आई-बाप मजुरीला, घरी सांभाळायला कोणी नाही. गुरुजींनी नेहमीची परीक्षा घेतली : डोक्यावरून हात घेऊन पलीकडच्या कानाला लागतो का? नाना अंगाने उंच, हात लांब. लागला. "सहा पूर्ण," गुरुजी म्हणाले आणि रजिस्टरात १ जून टाकून मोकळे झाले. नानांची आई सांगायची ते वेगळेच. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे हा नुकताच दोन वर्षांचा होता आणि कडेवर घेऊन ती अंगणात पळाली होती. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे नाना १९६५ च्या अखेरीचे. दीड वर्ष आधीच कागदावर जन्मले!

वाचक म्हणतील, दीड वर्षाने काय बिघडते? पगारदाराला विचारा. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे आला की कचेऱ्या-कचेऱ्यांतून हारतुरे निघतात. नानांची धाकटी मुलगी तेव्हा नर्सिंग शिकत होती. दीड वर्षाचा पगार हातात असता तर तिच्या फीसाठी फंडाच्या पैशाला हात लावावा लागला नसता. नाना हसत म्हणतात, "हात लांब असल्याची शिक्षा झाली बघ." पण सांगताना नजर दुसरीकडे वळवतात.

आम्ही पडलो कारकून. जन्मतारखेचा रकाना आम्हाला रोज दिसतो. १ जून, १ जून, १ जून! जणू साऱ्या गरिबांच्या बायका एकाच दिवशी बाळंत झाल्या. ज्यांच्याकडे पत्रिका होत्या, त्यांच्या घटका-पळे नोंदलेली आहेत. आपल्या आयांनी मात्र जन्म ध्यानात ठेवला तो दुष्काळावरून, पुरावरून, भूकंपावरून. म्हणून नोंदीचे मोल आपल्याला अधिक कळले पाहिजे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नावाची एक ओळ रजिस्टरात लिहिली गेली. त्या ओळीवरून आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस साजरा होतो.

एकदा नानांनी आम्हालाच कोंडीत पकडले. "तू समाजाचं काम करतोस. बाबासाहेबांच्या तारखा तोंडपाठ. तुझ्या आईचा दिवस कोणता रे?" आम्ही म्हणालो, "१ जून १९५८." नाना म्हणाले, "ती गुरुजींची तारीख. आईची सांग." आम्ही खाली मान घातली.

घरी आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आईला विचारले. ती म्हणाली, "तारीख मला काय ठाऊक? तुझी आजी सांगायची, आम्ही पुण्यात नदीकाठी राहात होतो. पानशेत फुटलं त्या दिवशी मला आठवा दिवस होता. ओल्या बाळंतिणीनं मला उराशी धरून पर्वतीकडं धाव घेतली." पानशेत फुटले १२ जुलै १९६१ ला. बी. कॉम.चे गणित इथे कामी आले. १२ तारीख आठवा दिवस, म्हणजे जन्म ५ जुलैचा. कागदावर आई तीन वर्षांनी थोरली निघाली.

पुढच्या ५ जुलैला नानांच्या फळ्यावर शेवटची ओळ आमच्या आईच्या नावाची होती. आम्ही तिला मुद्दाम विहारात नेले. तिला अक्षरओळख आहे, पण चष्मा घरी राहिला होता. नातीने वाचून दाखवले. आई बराच वेळ फळ्याकडे पाहात राहिली. मग म्हणाली, "माझापण दिवस असतो व्हय?" आम्हाला काही बोलता आले नाही.

बुद्धपौर्णिमेला आम्ही नानांना घेऊन लेण्यावर गेलो. चारेकशे पायऱ्या. नाना तीन ठिकाणी बसले, पण चढले. चैत्यगृहाचे ते उंच खांब, वर हत्ती-घोड्यांवर बसलेली माणसे, सारे पाहून झाले. व्हरांड्यातल्या एका खोलीच्या दारावर ब्राह्मी अक्षरे कोरलेली आहेत. नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुसणक याचे हे दान, असा त्यांचा अर्थ. बाहेर एका लहान स्तूपापाशी दुसरा लेख आहे. रानात राहणारे, भिक्षेवर जगणारे गोभूती यांचा तो स्तूप त्यांच्या शिष्याने करविला. पाण्याच्या टाक्यापाशी तिसरा लेख, त्यात सामडिनिका नावाच्या महारठिनीचे दान आहे. आम्ही अर्थ सांगत होतो. नानांनी लगेच विचारले, "तारीख कुठं हाय?"

तारीख नाही. तिन्ही लेखांत नाही. नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बापाचं नाव हाय, गाव हाय, काय दिलं ते हाय. दोन हजार वर्षं पुसलं नाही. तारीख नसली तरी माणूस राहतोय की. पण कुणीतरी कोरलं म्हणून राहिला."

त्यानंतर आलेल्या १ जूनला फळ्यावर काय असेल याची आम्हाला उत्सुकता होती. नानांनी लिहिले होते : '१ जून १९३०, मुंबई-पुणे डेक्कन क्वीन सुरू. १ जून १९४८, पुणे ते त्या वेळचे अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली.' डेक्कन क्वीन येताना रुळाबाजूला उभे राहून नानांनी किती वेळा ती जाऊ दिली असेल! आणि शेवटची ओळ अशी : 'आपल्या वस्तीत : ज्यांची खरी तारीख कोणी लिहून ठेवली नाही, त्या सर्वांना आज जयभीम.' फळ्यासमोर त्या सकाळी बरीच म्हातारी माणसे उभी होती. मोबाईलवाली पोरेही होती. त्यातल्या एकाने फळ्याचा फोटो काढला आणि आजीला विचारले, "तू जन्मलीस तेव्हा काय झालं होतं गं?"

भगिनींनो आणि बंधूंनो, आमची एवढीच विनंती. घरात बाळ जन्मले की २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करा. त्याला पैसे पडत नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांना तर शाळेपासून नोकरीपर्यंत जन्माचा दाखलाच पुरावा म्हणून लागणार आहे. आणि एक शंभर पानी वही आणा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा : दुष्काळ कोणता, पूर कोणता, तेव्हा तू केवढी होतीस? ऐकाल ते लिहून ठेवा. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे होईल.

जयभीम!