रेडिओच्या पोटीं जन्मलेला बँड

हल्लीं खिशांतल्या यंत्रावर जगांतील उत्तमोत्तम बँड वाटेल तेव्हां ऐकावयास मिळत असतां मुलांनीं शाळा सुटल्यावर तास तास पितळ फुंकीत बसण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कांहीं पालकांकडून आम्हांस विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मात्र तो आजचा नव्हे. अमेरिकेंतील एका बँडचा इतिहास पाहिला असतां त्याचें उत्तर हातीं लागतें, असें आम्हांस वाटतें.

जॉन फिलिप सूझा हें नांव आमच्या बँडमधील मुलांस ठाऊक आहेच. अमेरिकेच्या मरीन बँडचें नेतृत्व सोडून १८९२ सालीं त्यानें स्वतःचा बँड काढला व त्याच्या कूचगीतांनीं देश दुमदुमून गेला. याच सूझानें १९०६ सालीं एक लेख लिहून यांत्रिक संगीतावर कडाडून टीका केली. घरांत यंत्र गाऊं लागलें म्हणजे घरांतलीं माणसें गाणें टाकतील आणि हौशी वादक नामशेष होतील, ही त्याची भीति होती. रेडिओपासूनहि तो पुष्कळ वर्षें दूर राहिला; श्रोते डोळ्यांसमोर नसतां वाजविणें त्यास रुचत नसे. अखेर १९२९ सालीं त्यानें ध्वनिक्षेपणास रुकार दिला. १९३२ च्या मार्च महिन्यांत रेडिंग या गांवीं त्याचा अंत झाला, तोहि तेथील रिंगगोल्ड नांवाच्या स्थानिक बँडची तालीम घेतल्यानंतर.

आतां दुसरी बाजू पाहूं. सिटीज सर्व्हिस नांवाची एक तेलकंपनी न्यूयॉर्कहून रेडिओवर संगीताचा कार्यक्रम करवीत असे. प्रारंभीं अनेक वर्षें त्यांत गायक-गायिका व तंतुवाद्यांचा मोठा ताफा असे. १९४४ पासून त्याचीं सूत्रें पॉल लाव्हॅल या मूळच्या क्लॅरिनेटवादकाकडे आलीं, आणि १९४८ सालीं कार्यक्रमाचें स्वरूप पालटून त्यांतून 'बँड ऑफ अमेरिका' निर्माण झाला. जाणते म्हणतील, ज्यांत क्लॅरिनेट आहेत तो शुद्ध ब्रास बँड नव्हे. म्हणोत बापडे, आपल्याकडे रस्त्यानें जें वाजत जातें त्या सर्वांस आपण बँडच म्हणतों.

एरवीं बँड जन्मतो तो पलटणींत, गिरणींत, देवळांत किंवा शाळेंत. आधीं माणसें एकत्र असतात, मग तीं वाजवूं लागतात. येथें उलट झालें. आधीं अर्ध्या तासाची वेळ ठरली, मग ती भरण्यास माणसें आलीं. वाजविणें मात्र अस्सल होतें. घड्याळाच्या कांट्यावर नजर ठेवून दर आठवड्यास कूचगीतें वाजत, आणि ज्या खेड्यांत कोणताहि मोठा बँड कधीं गेला नाहीं तेथील मुलाच्या कानीं ट्रॉम्बोनचा नाद पडे. हा उपकार लहान नव्हे. सूझानें रेडिओस इतकें श्रेय दिलें असतें कीं नाहीं, कोण जाणे.

परंतु १९५६ सालीं कार्यक्रम बंद झाला. संध्याकाळचे श्रोते दूरचित्रवाणीनें ओढून नेले होते. कार्यक्रम बंद म्हणजे बँडचें घरच गेलें. पुढें १९६४-६५ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनांत लाव्हॅलनें तें नांव पुनः गाजविलें खरें. पण तोहि प्रदर्शनापुरताच मामला. ज्या बँडला गांव नाहीं त्याचा आश्रयदाता गेला कीं त्यास रस्तेहि परके होतात.

मग लाव्हॅलनें काय केलें? १९६७ पासून तो देशांतील प्रत्येक राज्यांतून दोन दोन शाळकरी वादक निवडून त्यांचा बँड चालवूं लागला. नभोवाणीवर कीर्ति मिळविलेला हा मनुष्य नवे वादक शोधण्यास शाळांच्या दारीं गेला. कारण रेडिओ तयार वादकांस एकत्र आणूं शकतो, वादक तयार करणें त्याच्या हातीं नाहीं. ओठांची ठेवण कशी असावी, श्वास कोठें घ्यावा, हें शेजारीं उभें राहून कोणी तरी दाखवावेंच लागतें.

आपल्याकडचें उदाहरण फार दूर नाहीं. मुंबईच्या ज्या चित्रपटगीतांनीं रेडिओचे तास भरून गेले, त्यांमागील व्हायोलिन व ट्रंपेट वाजविणाऱ्यांत गोमंतकीय पुष्कळ होते, आणि त्यांतील अनेकांस स्वरलिपीचे पाठ गांवच्या चर्चच्या शाळेंत मिळालेले होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चमधील गायकवृंद चालवीत. मुंबईंत अँथनींपाशीं व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल पुढें संगीतकार झाले. लोकांनीं ऐकलीं तीं गाणीं. मागचा मास्तर कोणास ऐकूं आला नाहीं.

म्हणून मुलांनीं ऐकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. भरपूर ऐकावें, ज्यानें चांगलें ऐकलें नाहीं त्यास आपला बेसूरहि कळत नाहीं. पण ऐकण्यानें वाजविण्याचा तास वांचतो, हा हिशेब आम्हांस मान्य नाहीं. जूनपासून कॉर्नेटचा नवा वर्ग निघेल. पहिले तीन महिने घरांत जो आवाज होईल तो म्हशीच्या हंबरण्यासारखा असेल. तेवढा पालकांनीं सहन करावा, व शेजाऱ्यांस आधीं सांगून ठेवावें.