खोरे एक, गाणी दोन

गाण्याचे शब्द हे साहित्य आहे काय, हा प्रश्न २०१६ साली बॉब डिलन यांना नोबेल पारितोषिक मिळाल्यापासून आपल्या वर्गांतून आणि चर्चासत्रांतून पुष्कळ चघळला गेला. आमच्या मते तो प्रश्न मुळातच चुकीचा आहे. चाल आणि आवाज बाजूला काढून उरलेले शब्द कवितेच्या कसोटीला लावणे, म्हणजे नाटकातली एकेक स्वगते सुटी छापून त्यांवरून नाटकाचा निकाल देणे होय. काही गाण्यांचे वाङ्मयीन मोल कुठल्याही एका गाण्यात नसते. ते दोन गाण्यांच्या परस्परसंबंधात असते. ड्राइव्ह-बाय ट्रकर्स हा बँड याचे उत्तम उदाहरण आहे.

पॅटरसन हूड आणि माइक कूली या दोघांनी १९९६ साली जॉर्जिया राज्यातील अथेन्स गावी हा बँड उभा केला. दोघेही मूळचे उत्तर अलाबामाचे, टेनेसी नदीकाठच्या मसल शोल्स परिसरातले. हूड यांचे वडील डेव्हिड हूड हे तिथल्या नामांकित स्टुडिओ-वादकांपैकी एक. कंट्री, ब्लूज, सदर्न रॉक यांच्या मिश्रणाला ‘अमेरिकाना’ म्हणण्याची रूढी पडू लागली होती, त्या काळातला हा बँड. २००१ साली त्याच परिसरातले जेसन इझबेल त्यांना येऊन मिळाले आणि २००७ साली वेगळे झाले. म्हणजे काही वर्षे एकाच बँडमध्ये, एकाच खोऱ्यातले तीन गीतकार होते.

आता त्यांची दोन गाणी पाहू. १९९९ सालच्या ‘पिझ्झा डिलिव्हरन्स’ या अल्बमवर कूली यांचे ‘अंकल फ्रँक’ आहे. १९३३ साली रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली अथॉरिटीने नदीवर धरणांची मालिका बांधली, वीज आणली आणि खोऱ्यातली वस्ती हलवली. युद्धावरून परतून पंधरा एकर खडकाळ जमीन घेतलेला फ्रँक हा त्या फुगवट्याचा बळी. शहरात कारखान्यात काम मिळेल असे आश्वासन त्याला मिळते; पण त्याने जन्मात कधी नोकरी केलेली नाही. शेवटी तो गळफास घेतो. लिहिता येत नसल्यामुळे त्याच्यामागे चिठ्ठीदेखील राहत नाही. दुसरे गाणे इझबेल यांचे. त्याचे नावच ‘टीव्हीए’. त्यातला निवेदक बापाबरोबर धरणाकाठी मासे धरत वाढला आहे. त्याच्या आजोबांच्या घरी मंदीत खायचे वांधे होते; धरणाच्या कामाने ते घर तगले. तो त्याच संस्थेचे आभार मानतो आणि त्या आभारात उपरोधाचा लवलेश नाही.

२००९ साली ‘द फाइन प्रिंट’ या संकलनात ही दोन्ही गाणी एकापाठोपाठ आली. तेव्हा इझबेल यांना बँड सोडून दोन वर्षे झाली होती. ही मांडणी आम्हांस फार बोलकी वाटते. याला समतोल म्हणता येणार नाही. समतोल हा लेखकाचा गुण असतो. तो दोन्ही पारडी स्वतःच्या हाती धरतो आणि वाचकाला निर्णयाच्या ओझ्यातून मोकळे करतो. इथे दोन्ही गाणी आपापल्या जागी पुरती एकांगी आहेत. फ्रँकच्या गाण्यात विजेचे कौतुक नाही, आजोबांच्या गाण्यात बुडालेल्या वस्तीची आठवण नाही. दोघेही खरे बोलतात आणि कोणीच दुसऱ्याला खोडून काढत नाही. हिशेब ऐकणाऱ्याने करावयाचा असतो, आणि तो जुळत नाही.

हे साधले त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. लीनर्ड स्किनर्ड या बँडच्या कहाणीभोवती रचलेला ‘सदर्न रॉक ऑपेरा’ हा दुहेरी अल्बम त्यांनी २००१ साली हितचिंतकांकडून पैसे उभे करून स्वतःच प्रसिद्ध केला. मोठ्या कंपनीने तो पुढच्या वर्षी उचलला. बाजाराला एक चेहरा आणि एक आवाज हवा असतो. तो ठरवून देणारे कोणी डोक्यावर नसल्यामुळे अनेक आवाजांचा हा संसार टिकला. स्वतंत्र निर्मितीचा गौरव आपण बहुधा नैतिक भाषेत करतो. इथे तिचा परिणाम थेट रूपबंधावर झालेला दिसतो.

त्याच अल्बमवर अलाबामाचे वंशभेदवादी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्यावरचे गाणे आहे. १९९८ साली वॉलेस वारले. या गाण्यात खुद्द सैतान नरकात त्यांच्या स्वागताची तयारी करतो. हूड यांचा आरोप नेमका आहे. वॉलेस यांचे पाप द्वेष बाळगण्याचे नव्हे, मतांसाठी तो पेटवत ठेवण्याचे. आपल्या प्रदेशावर प्रेम करावयाचे आणि त्याच्या अपराधाचे वकीलपत्र घ्यावयाचे नाही, ही भूमिका बोलायला सोपी आणि गायला अवघड आहे.

अर्थात या वादसभेची मर्यादा दृष्टीआड करून चालणार नाही. मसल शोल्सची कीर्ती अरेथा फ्रँकलिन, विल्सन पिकेट यांच्या आवाजांवर उभी राहिली. परंतु या बँडच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय माणूस विषय म्हणून येतो, वक्ता म्हणून नाही. २०१६ सालच्या ‘अमेरिकन बँड’मध्ये पोलिसांच्या आणि बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या कृष्णवर्णीय तरुणांविषयी हूड कळवळून गातात, तेव्हाही बोलणारा गोराच असतो. वाद खरा आहे, पण घरातल्या घरातला आहे.

टेनेसी खोऱ्याशी आपला संबंध केवळ कल्पनेचा नाही. त्याच नमुन्यावर १९४८ साली आपल्याकडे दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले आणि धरण हे नव्या देशाचे प्रतीक ठरले. मराठीत विस्थापितांची बाजू विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने १९९१ साली समर्थपणे मांडली. पण ज्याच्या रानात त्याच पाण्याने पहिल्यांदा ऊस उभा राहिला, त्याचे निखळ ऋण आमच्या वाचनात क्वचितच आले; आणि ही दोन्ही एकाच पुस्तकात, एकमेकांकडे पाहत, तर नाहीच. प्रादेशिक साहित्य शिकवताना आपण बोली आणि वर्णने यांची मोजदाद करतो. एखादा प्रदेश स्वतःशी भांडतो आहे की नाही, हे तपासत नाही. ते तपासू लागलो तर अभ्यासक्रमातली पुष्कळशी ‘अस्सल मातीतली’ पुस्तके फार गप्प वाटू लागतील.