मागच्या बाकावरचा माणूस

‘वीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्याला आता कोण काय शिकवणार?’ शिक्षकांच्या खोलीत हा सवाल हमखास ऐकू येतो, आणि त्यामागची चीड खरी आहे. वर्गात मागे येऊन बसणारा माणूस म्हणजे तपासणीला आलेला साहेब, हाच बहुतेकांचा अनुभव. टाचणवही चाळायची, शेरेबुकात दोन ओळी लिहायच्या, चहा घेऊन निघायचं. याला मार्गदर्शन म्हणता येत नाही.

पण साहेब नको म्हणून मार्गदर्शकही नको, हे मात्र पटत नाही. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ते पद सोडून त्या भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांकडे गेल्या आणि बालशिक्षणाचे धडे नव्याने गिरवू लागल्या. पुढे पुण्याच्या हुजूरपागा शाळेत अनेक वर्षं शिकवलेल्या अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला याच ताराबाईंच्या हाताखाली आल्या. या दोघींना आपल्या अनुभवाचा अपमान झाला, असं वाटलं नाही.

मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या घराण्यातले अमेरिकी शल्यविशारद अतुल गावंदे यांनी २०११ मध्ये लिहिलेला एक अनुभव शिक्षकांनीही वाचण्यासारखा आहे. आपली सुधारणा थांबली, असं जाणवल्यावर त्यांनी आपल्या निवृत्त गुरूंना शस्त्रक्रिया पाहायला बोलावलं. गुरूंनी काय टिपलं? गावंद्यांचं कोपर मध्येच वर उचललं जातं. दिव्याचा झोत जखमेवरून सरकला, तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही. हात कामात गुंतलेल्या माणसाला हे दिसणारच नाही. शिक्षकाचंही तसंच. प्रश्न सतत खिडकीकडच्या मुलांनाच जातात, किंवा विचारल्यावर उत्तरासाठी दोन सेकंदही थांबलं जात नाही, हे मागून पाहणाऱ्यालाच कळतं.

‘प्रशिक्षणं होतातच की!’ होतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तास धरले आहेत. ते तास सभागृहात बसून भरले, तर वर्गातलं काय बदलणार? संशोधक मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये शिक्षकांना दिलेल्या अशा मार्गदर्शनावरचे ६० अभ्यास एकत्र तपासले. वर्ग प्रत्यक्ष पाहून, त्यावर शिक्षकाशी वारंवार बोलत केलेल्या मार्गदर्शनाने शिकवणं सुधारलं आणि मुलांचं शिकणंही. कार्यक्रम मोठा झाला की परिणाम घटतो, हेही त्यांनीच नोंदवलं. म्हणून एका फतव्याने राज्यभर ‘मार्गदर्शक’ नेमण्याची घाई नको.

आणि पाहणाऱ्याने लिहिलेला कागद शिक्षकाच्याच हाती राहिला पाहिजे. तो गोपनीय अहवालाला जोडला गेला, की पुढच्या वेळी मागच्या बाकावर पुन्हा साहेबच बसलेला असेल आणि समोर आधीच घोटून घेतलेला पाठ सुरू असेल.