मोजपट्टी आणि पाळणा

ज्याला एखाद्या गोष्टीतले कळू लागले, त्याच्या वाट्याचा तिच्यातील आनंद संपला, असा एक सिद्धांत आपल्या बदलीच्या नोकरीतील मराठी मंडळींत फार आदराने उच्चारला जातो. रजाप्रवासाची सवलत घेऊन खोपोलीच्या इमॅजिकात ‘नायट्रो’ नावाच्या रोलर कोस्टरवर चारदा बसून आलेला गृहस्थ भेडाघाटच्या कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेतील पाळण्याकडे पाहून नाक मुरडतो. ‘आता यात काय राम राहिला?’ हे त्याचे पालुपद. आणि त्याचे हे नाक मुरडणे अधिकारी रसिकाची विरक्ती म्हणून गौरवले जाते. मला हा सिद्धांत सपशेल खोटा वाटतो. आणि खोटा असूनही सोयीचा असल्यामुळे अधिक घातक वाटतो.

रोलर कोस्टरचे शौकीन हा आता जगभर पसरलेला एक पंथच आहे. १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्सन याने आपली घसरगाडी सुरू केली, तेव्हापासून या खेळाला लोकाश्रय लाभला. १९७८ साली अमेरिकेत शौकिनांची रीतसर संघटनाही निघाली. आपल्याकडे दिल्लीचे अप्पूघर १९८४ साली आणि गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ साली उघडले. पहिले २००८ मध्ये आणि दुसरे २०२२ मध्ये बंद पडले. २०१३ साली उघडलेल्या इमॅजिकाने मराठी मुलखात ही आवड पुन्हा जोमाने रुजवली. तेव्हा या पंथाचा अनुभव काय सांगतो, हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

शौकिनाला जे कळते ते त्याचा आनंद हिरावून घेते काय? जुन्या धर्तीच्या कोस्टरच्या गाडीला स्वतःचे इंजिन नसते. साखळी तिला पहिल्या चढाच्या माथ्यावर नेऊन सोडते आणि पुढचा सारा प्रवास त्या एका उंचीच्या भांडवलावर होतो. हे ज्याला ठाऊक आहे त्याला साखळीची ती कट्कट् म्हणजे तंबोरे जुळवण्यासारखी वाटते. नवख्याला ती केवळ खोळंबा वाटते. पुढचे डबे उतरणीला लागून गाडीने वेग घेतल्यानंतर मागचा डबा माथा ओलांडतो, म्हणून मागे बसणाऱ्याला आसनावरून उचलले गेल्याचा अनुभव अधिक तीव्र येतो. जाणकार म्हणूनच मागच्या जागेसाठी ताटकळतो. १८९५ साली कोनी आयलंडवर उभारलेला वळसा पुरता वर्तुळाकार होता व तो बसणाऱ्यांच्या माना अवघडून टाकी; १९७६ साली कॅलिफोर्नियात माथ्याशी निमुळता होणारा वळसा आला आणि ती पीडा टळली. हे जाणून जो उलटा होतो तो नवख्यापेक्षा कमी होत नाही, एक गोष्ट जास्त घेऊन होतो. बंदिशीचा राग ओळखणाऱ्याला गाणे कमी ऐकू येते, असे कोणी म्हटले तर आपण हसू. मग इथेच माना का डोलवायच्या?

सवयीने भीती बोथट होते, हे मात्र खरे. शंभराव्या फेरीला पहिल्या फेरीची धडकी भरत नाही. पण धडकी हाच ज्याचा सारा आनंद होता, तो शौकीन नव्हताच; तो फक्त नवखा होता, आणि नवखेपण सरताच उपाशी राहिला. त्याचा दोष ज्ञानाच्या माथी का?

दोष कोठे आहे तेही या पंथातच दिसते. शौकिनांत कोस्टर मोजण्याची रीत आहे. किती कोस्टरांवर बसलो याचा आकडा ठेवायचा, आणि तो एकाने वाढावा म्हणून लहान मुलांच्या चिमुकल्या गाडीच्या रांगेतही गंभीर चेहऱ्याने उभे राहायचे. जत्रेतील ड्रॅगनची गाडी मोटारीवर चालते, गुरुत्वाकर्षणावर नव्हे. म्हणून ती मोजावी की नाही यावर त्यांच्यात वाद झडतात. आम्हा कारकुनांना हा स्वभाव परका नाही. हा नोंदवहीचा स्वभाव आहे. नोंदवहीत रकाना असेल ते दिसते. रकान्याबाहेरचे डोळ्यांसमोर असूनही नसते. न्यू जर्सीतील ‘किंग्डा का’ २००५ साली १३९ मीटरांची उंची घेऊन जगात अव्वल ठरला आणि २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. ज्याने त्याच्यापासून आकडा घेतला त्याच्या हाती आता काय उरले? ज्याने अनुभव घेतला त्याचे कोणी काही पाडू शकत नाही.

आता आपल्या जत्रांकडे वळू. लहान गावांच्या जत्रांतून अजूनही असे पाळणे दिसतात, की ज्यांना मोटार नसते. माणसे सांगाड्यावर चढतात आणि आपल्या अंगभाराने चाक फिरवतात. उंचीवर चढवलेले वजन खाली येताना गती देते, हेच तर कोस्टरचे मर्म! नवखा तेथे फक्त गंमत पाहील. पण नायट्रोच्या शौकिनाने तेथे थबकले पाहिजे, कारण त्याच्या लाडक्या शास्त्राचा पहिला पाठ तेथे उघड्यावर गिरवला जात आहे. तो थबकत नाही, यावरून त्याला फार कळते असे सिद्ध होत नाही; पुरेसे कळत नाही, एवढेच सिद्ध होते. सांगाड्याचे बोल्ट सैल आहेत, पाळण्याची कडी नीट बसत नाही, असे म्हणून तो मुलांना रोखणार असेल तर त्याला माझा नमस्कार. ते जाणकाराचे कर्तव्यच आहे. पण ‘हा पाळणा लहान आहे’ ही तक्रार सुरक्षिततेची नव्हे, मिजाशीची आहे.

हे पाळण्यापुरते असते तर लेखणी झिजवण्याचे कारण नव्हते. जबलपूर जिल्ह्यातील मझौलीला विष्णुवराहाचे प्राचीन मंदिर आहे. आत पशुरूपातील वराह उभा आहे. आपल्यातील कोणी येथे येतो आणि ‘खजुराहोचा पाहिला आहे’ म्हणून दारातूनच परततो. वास्तविक खजुराहोच्या वराहाच्या अंगावरील सहाशेंहून अधिक आकृती ज्याने निरखल्या, सागर जिल्ह्यातील एरणच्या वराहावरचा हूण राजा तोरमाण याच्या काळचा लेख ज्याला ठाऊक आहे, त्यानेच मझौलीत सर्वांत जास्त वेळ रेंगाळावे. तुलना करण्याचे साहित्य त्याच्याजवळ आहे. आणि तोच तुलना टाळून निकाल देतो. तुलना दोन्ही वस्तू पाहायला लावते. निकाल दुसरी पाहू देत नाही.

आपली बदलीची आयुष्ये अशा निकालांनी भरली आहेत. पुण्याचे नाटक, दादरची मंडई, कोल्हापूरचा रस्सा ही मोजपट्टी ट्रंकेत घालून आपण गावोगाव हिंडतो आणि प्रत्येक गाव तिच्याहून आखूड असल्याचे पाहून समाधान पावतो. जबलपूर १९५६ पर्यंत नागपूरच्याच प्रांतात होते, त्याआधी काही वर्षे भोसल्यांच्या अमलाखाली होते. तरी आपल्या लेखी ते तीन वर्षे काढण्याचे ठिकाण. याची किंमत आपण भरत नाही. आपली मुले भरतात. त्यांचे बालपण ज्या गावांत जाते ती गावे त्यांना कमअस्सल म्हणून दाखवली जातात, आणि जे अस्सल म्हणून सांगितले जाते ते सुट्टीतल्या पंधरा दिवसांपलीकडे त्यांच्या वाट्याला येत नाही. येथल्या पाळण्यात बसण्याची लाज आणि तिथल्या पाळण्याची केवळ ऐकीव थोरवी, एवढ्यावर कोणते मूल रसिक होईल?

तेव्हा जाणकारीला शाप म्हणणे आता आपण सोडावे. नायट्रोवर जरूर बसावे, मागच्या डब्यासाठी भांडावेही. पण तेथून परतताना डोळा घेऊन परतावे, मोजपट्टी नव्हे. ज्याला जत्रेतला पाळणा दिसेनासा झाला, त्याने मोठा कोस्टरही पाहिलेला नाही. तो त्याच्यावर फक्त बसून आला आहे.